मूल गमावल्यावर, वाचलेल्यांसाठी उभं राहताना: आई-वडिलांसाठी सविस्तर मार्गदर्शन

तुमचं मूल हिंसेत गेलं. त्याच घटनेतून कुणी वाचलंही असेल. बरोबर असलेली मैत्रीण, धाकटा भाऊ, वर्गातली मुलं, सोडवायला मध्ये पडलेला अनोळखी माणूस. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरल्यावर कधीतरी तुमच्या लक्षात येतं, की या वाचलेल्यांकडेही कुणी फिरकलेलं नाही. त्यांना झोप लागत नाही, उपचार स्वतःच्या खिशातून चालले आहेत, आणि तपास कुठवर आला हे त्यांना बातम्यांतून कळतं आहे. मग मनात येतं, आपल्या लेकराचं आता काही करता येणार नाही, पण यांचं तरी कुणी पाहावं.

तिथून पुढे काय आणि कोणत्या क्रमानं करायचं, ते इथे सांगते. गेली काही वर्षं मी अशा आई-वडिलांबरोबर बसून अर्ज लिहिते, बैठकांना जाते, बाहेरच्या बाकावर तासन्‌तास थांबते. कायद्याचा सल्ला तुमच्या वकिलाकडूनच घ्या. माझ्याकडे आहे ती कामाची रीत, आणि देश कुठलाही असो, तिचा गाभा फारसा बदलत नाही.

आधी खटला

तपास किंवा खटला चालू असेल, तर जाहीरपणे पहिला शब्द बोलण्याआधी सरकारी वकिलांना किंवा तुमच्या वकिलांना भेटा. त्यांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा. मी कशाबद्दल बोलू नये? माझ्या ओळखीतले कोण साक्षीदार असणार आहेत? मी काही लिहिलं किंवा मुलाखत दिली, तर बचावपक्ष त्याचा वापर कसा करू शकेल? उत्तरं वहीत लिहून घ्या.

वाचलेली व्यक्ती बहुतेक वेळा साक्षीदारही असते, हे विसरू नका. तुम्ही दोघं बसून 'तेव्हा नेमकं काय झालं' याची जुळवाजुळव केलीत, तर उलटतपासणीत तिला विचारलं जाईल, 'हे तुम्हाला आठवतंय, की त्या आईनं सांगितलं?' म्हणून एक नियम पाळा: घटनेबद्दल बोलायचं नाही, घटनेनंतरच्या दिवसांबद्दल बोलायचं. दवाखान्यात कोण भेटलं, घरी कोण आलं, फोन कुणी उचलला नाही. आधाराची मागणी करायला लागतं ते सगळं याच दिवसांत सापडतं, त्यामुळे तुमचं काही अडत नाही.

किती थांबायचं, असं प्रत्येक जण विचारतो. त्याला आकडा नाही. मात्र पहिल्या काही आठवड्यांत परत फिरता येणार नाही असं काही करू नका. संस्था नोंदवू नका, एकाच वाहिनीला मुलाखतीचा हक्क लिहून देऊ नका, मुलाचा सगळा फोटोसंग्रह कुणाच्या हवाली करू नका. त्या दिवसांत माणूस मागेल त्याला मागेल ते देतो.

एक वही, आणि तिच्यात फक्त तारखा

एक साधी वही घ्या. प्रत्येक नोंदीत तारीख, कुणाशी बोललात, काय विचारलंत, काय उत्तर मिळालं. उत्तर मिळालं नसेल तर 'उत्तर नाही' असं लिहा. ती सुद्धा नोंदच आहे. भावना लिहायच्या असतील तर दुसरी वही ठेवा. ही वही उद्या कुणा अधिकाऱ्यासमोर उघडावी लागेल.

कागदपत्रांच्या दोन प्रती करून दोन ठिकाणी ठेवा, आणि एक संच अशा माणसाकडे द्या जो तुमच्या दुःखाच्या अगदी आत नाही. शवविच्छेदनाचा अहवाल तुम्ही वाचलाच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. तो त्या माणसाकडे राहू द्या. लागेल तेव्हा लागेल तेवढाच भाग तो सांगेल.

दोन-तीन महिन्यांनी वही पुन्हा वाचा आणि अडलेल्या प्रत्येक ठिकाणी खूण करा. मग प्रत्येक खुणेपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: माहिती, मदत किंवा वागणूक. आरोपी जामिनावर सुटल्याचं कुणी कळवलं नाही, ही माहितीची खूण. समुपदेशकाची वेळ चार महिन्यांनंतरची मिळाली, ही मदतीची. 'एवढ्या रात्री ती तिथे काय करत होती' असं कुणी विचारलं, ही वागणुकीची. ही वर्गवारी पुढे फार कामाला येते, कारण तिघांचा उपाय वेगळा आहे. माहिती न मिळण्यावर नियम लागतो, मदत न मिळण्यावर पैसा लागतो, आणि वागणुकीवर प्रशिक्षण आणि जबाबदार अधिकाऱ्याचं नाव लागतं. सगळं एकाच निवेदनात कोंबलं की प्रत्येक खातं दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवतं.

वाचलेल्यांना विचारा, आणि उत्तर 'नको' असेल तर ते ऐका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, असं माझं ठाम मत आहे. आई-वडील गेलेल्या मुलाच्या वतीनं बोलतात आणि तो त्यांचा हक्क आहे. पण वाचलेली व्यक्ती जिवंत आहे, तिला स्वतःचा आवाज आहे, आणि तिला काय हवंय हे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा पुष्कळदा वेगळं असतं.

एका आईबरोबर मी तिच्या मुलीच्या मैत्रिणीकडे गेले होते. मैत्रीण त्याच हल्ल्यात जखमी झाली होती. आईच्या हातात मागण्यांची यादी होती: जलद न्यायालय, कठोर शिक्षा, वाढीव भरपाई. मुलीनं ती शांतपणे ऐकली आणि म्हणाली, "काकू, मला परीक्षेला पुन्हा बसायचंय. हजेरी कमी आहे म्हणून बसू देत नाहीत." आई बराच वेळ गप्प बसली. मग यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला तिनं ते वाक्य लिहून घेतलं. त्यांच्या कामाची खरी सुरुवात तिथून झाली.

शिक्षेची मागणी आणि आधाराची मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षा गुन्हेगाराला मिळते आणि कधी दहा वर्षांनी मिळते. आधार वाचलेल्याला लागतो, या आठवड्यात लागतो, आणि आरोपी सापडला नाही तरी लागतो. दोन्ही मागा, पण वेगवेगळ्या कागदांवर मागा. एकाच पत्रात आल्या की बातमी शिक्षेची होते आणि आधार शेवटच्या ओळीत जाऊन बसतो.

भेटायला जाताना थेट दारात उभे राहू नका. आधी मधल्या माणसाकरवी विचारा, नकार देणं सोपं जाईल अशा शब्दांत: 'भेटायची इच्छा नसेल तर काही सांगायचीही गरज नाही.' तुमचा चेहरा त्यांना घटनेची आठवण करून देतो. काहींना तुमच्यासमोर आपण वाचलो याचीच लाज वाटते. 'ती गेली आणि मी राहिले' हे ओझं त्या पोरांच्या डोक्यावर असतं, आणि तुमच्या तोंडून अनवधानानं निघालेलं 'निदान तू तरी वाचलीस' त्यात भरच घालतं. ते वाक्य टाळा. 'तू आलीस, बरं वाटलं' एवढं पुरे.

भेट झाली तर थोडेच प्रश्न विचारा. त्या वेळी कशाचा उपयोग झाला? कशामुळे त्रास वाढला? आज कोणती एक गोष्ट असती तर बरं झालं असतं? अमुक दिवशी कुणी यायला हवं होतं असं वाटतं का? मध्ये बोलू नका. आपल्या मुलाची आठवण काढावीशी वाटेल, ती काढाच, पण त्यांचं सांगून झाल्यावर. अल्पवयीन मुलांशी पालकांच्या संमतीशिवाय बोलू नका, आणि पालक 'हो' म्हणाले तरी मुलालाही वेगळं विचारा.

सांगितलेलं कुठे वापरणार, हे तिथेच स्पष्ट करा: नावानं, नावाशिवाय, की फक्त तुमच्या माहितीसाठी. लेखी संमती घ्या आणि ती कधीही मागे घेता येईल असं त्याच कागदावर लिहा. सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. सतराव्या वर्षी 'सांगा माझी गोष्ट' म्हणणाऱ्या मुलीला विसाव्या वर्षी नोकरीच्या ठिकाणी तीच बातमी समोर येते. लैंगिक गुन्ह्यांत तर अनेक देशांत पीडितेची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे. भारतात मृत्यूनंतरही ते बंधन पुरतं सुटत नाही. तिथे नाव, फोटो, शाळा, गल्ली यांतलं काहीही वकिलांना विचारल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नका.

शब्दांचंही त्यांनाच विचारा. कुणाला 'पीडित' शब्द नकोसा होतो, कुणाला तोच न्याय्य वाटतो कारण तो आपल्यावर अन्याय झाल्याचं सांगतो. कुणाला फक्त आपलं नाव हवं असतं.

आणि घरातल्यांना विसरू नका. गेलेल्या मुलाची भावंडंही वाचलेलीच आहेत. सगळं जग आई-वडिलांना विचारतं, भावंडांना 'आई-बाबांना सांभाळ' एवढंच सांगतं.

एकच मागणी, आणि ती मोजता येईल अशी

आता वही आणि भेटींची टिपणं शेजारी ठेवा. सगळ्यांत जास्त वेळा आलेली अडचण कोणती? तीच तुमची पहिली मागणी. 'पीडितांना न्याय द्या' या मागणीला कुणीही विरोध करत नाही आणि म्हणूनच तिचं काही होत नाही.

इतरांनी काय केलं ते पाहा. 1983 मध्ये कॅलिफोर्नियात मार्सी निकोलस या विद्यार्थिनीचा खून झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिची आई एका दुकानात शिरली आणि समोर आरोपी उभा होता. तो जामिनावर सुटला होता आणि घरच्यांना कुणी कळवलं नव्हतं. त्या एका क्षणातून मागणी निघाली: आरोपीला सोडण्याआधी कुटुंबाला कळवा. 2008 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी पीडितांचे हक्क थेट राज्यघटनेत घातले. तो कायदा मार्सीच्या नावानं ओळखला जातो. मध्ये पंचवीस वर्षं गेली, हेही लक्षात ठेवा.

लंडनमध्ये 22 एप्रिल 1993 रोजी स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या मुलाचा वर्णद्वेषातून खून झाला. डोरीन आणि नेव्हिल लॉरेन्स यांना पोलिसांनी धड माहिती दिली नाही आणि सन्मानानं वागवलं नाही. त्यांच्या पाठपुराव्यामुळे नेमलेल्या चौकशीचा अहवाल 1999 मध्ये आला. त्यातल्या 70 शिफारशींपैकी काही थेट कुटुंबांशी संपर्क ठेवणाऱ्या पोलिसांबद्दल होत्या: असे अधिकारी स्थानिक पातळीवर नेमलेले, प्रशिक्षित आणि उपलब्ध असावेत. आज तिथे खुनानंतर कुटुंबाला भेटणारा संपर्क अधिकारी ज्या रूपात दिसतो, त्यामागे या आई-वडिलांनी सोसलेलं सगळं आहे.

2002 मध्ये दिल्लीच्या नीतीश कटारा यांचा खून झाला. साक्षीदार दबावाखाली फिरतील ही भीती त्यांच्या आई नीलम कटारा यांना पहिल्यापासून होती. त्या उच्च न्यायालयात गेल्या, आणि 2003 मध्ये त्यांच्याच याचिकेवर न्यायालयानं साक्षीदारांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. देशभरासाठीच्या साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळायला 2018 उजाडलं.

तिन्ही ठिकाणी मागणी एका ठरावीक दिवसातून, एका ठरावीक दारातून निघाली. तुमची मागणी लिहिताना चार गोष्टी वाक्यात आल्याच पाहिजेत: कुणी, कुणासाठी, किती दिवसांत, कुणाच्या पैशानं. उदाहरणार्थ: 'हिंसक गुन्ह्यातून वाचलेल्या प्रत्येक व्यक्तीला सात दिवसांच्या आत एका संपर्क व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर लेखी मिळावा, ती व्यक्ती किमान एक वर्ष तीच राहावी, याचा खर्च आरोग्य खात्यानं उचलावा.' हे वाक्य हवेतलं नाही. नॉर्वेत 22 जुलै 2011 च्या हल्ल्यांत 77 जण मारले गेले, त्यांतले 69 उटोया बेटावरच्या युवा शिबिरात. त्यानंतर तिथल्या आरोग्य यंत्रणेनं ठरवलं की वाचलेल्यांनी मदत मागायला यायचं नाही, मदतीनं त्यांच्याकडे जायचं. स्थानिक प्रशासनानं संपर्क व्यक्ती नेमायची आणि किमान वर्षभर स्वतःहून विचारपूस करत राहायची. आघात झालेला माणूस फोन फिरवून रांगेत थांबू शकत नाही, ही साधी गोष्ट त्या व्यवस्थेनं ओळखली होती.

मानसिक उपचारांची मागणी करणार असाल तर 'समुपदेशन मिळावं' एवढ्यावर थांबू नका. घटनेनंतर लगेच एकदाच बसवून सगळं बोलायला लावण्याची पद्धत ब्रिटनच्या नाइस या आरोग्य मार्गदर्शन संस्थेनं देऊ नये असं म्हटलं आहे. आघातावर केंद्रित मानसोपचार साधारण 8 ते 12 सत्रांचे असतात. म्हणजे शासनानं एक सत्र देऊन 'समुपदेशन केलं' अशी खूण केली, तर ते पुरेसं नाही. सत्रांची संख्या, प्रशिक्षित व्यक्ती आणि पहिली वेळ किती दिवसांत, हे तिन्ही लिहा.

मुदतीबद्दलही आग्रह धरा. बहुतेक योजना पहिल्या काही महिन्यांतच संपतात. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत फेब्रुवारी 2018 मध्ये 17 जण मारले गेले. वर्ष उलटल्यावर, मार्च 2019 मध्ये, त्या दिवशी वाचलेल्या दोन विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं. वर्षश्राद्ध, खटल्याची तारीख, आरोपीची सुटका, निकाल या प्रत्येक वेळी जखम उघडते. योजनेनं त्या तारखा ओळखल्या पाहिजेत.

कायद्यात आधीच काय आहे ते शोधा

हा भाग वकिलाबरोबर एका बैठकीत होऊ शकतो, पण तो चुकवू नका. कित्येकदा हक्क कागदावर असतो आणि फक्त सांगितलेला नसतो. मग मागणी नव्या कायद्याची नसून अंमलबजावणीची होते, आणि ती पुष्कळ लवकर पदरात पडते.

जगभर चालेल असा आधार म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं 29 नोव्हेंबर 1985 रोजी स्वीकारलेला गुन्हेपीडितांविषयीचा जाहीरनामा. त्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत: न्यायापर्यंत पोच आणि सन्मानाची वागणूक, गुन्हेगाराकडून भरपाई, शासनाकडून आर्थिक साहाय्य, आणि वैद्यकीय, मानसिक, सामाजिक मदत. आरोपी सापडला नाही किंवा दोषी ठरला नाही तरी माणूस पीडितच असतो, आणि जवळचे कुटुंबीयही त्या शब्दात येतात, हे त्यात स्पष्ट आहे. त्याला कायद्याचं बळ नाही, पण बैठकीत तो समोर ठेवला की 'तुम्ही पीडित कशा?' हा प्रश्न बंद होतो.

युरोपीय संघाच्या 2012 च्या निर्देशानुसार आधारसेवा मोफत आणि गोपनीय असाव्यात, आणि त्यासाठी औपचारिक तक्रार केलेली असण्याची अट नसावी. भारतात 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तपासाची प्रगती 90 दिवसांच्या आत कळवण्याची तरतूद आहे. कलम 396 खाली पीडित नुकसानभरपाई योजना आहे. आरोपी सापडला नाही तरी पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले लोक विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात, आणि प्राधिकरणानं दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. तुमच्या देशात याला समांतर काय आहे, ते वकिलांकडून एका पानावर लिहून घ्या.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न बैठकीत येणारच. तयारी ठेवा. न्यूझीलंडनं 1963 मध्येच गुन्हेपीडितांना शासकीय भरपाई देण्याचा कायदा केला, तेव्हा ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत 1984 च्या कायद्यानं उभा केलेला पीडित निधी मुख्यतः संघराज्य पातळीवरच्या गुन्हेगारांकडून वसूल केलेल्या दंडांतून भरतो.

मग माहितीचा अर्ज करा. भारतात माहितीच्या अधिकाराखाली साधारणपणे 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, ब्रिटनमध्ये कामकाजाच्या 20 दिवसांत. प्रश्न छोटे आणि मोजता येतील असे ठेवा: गेल्या तीन वर्षांत भरपाईसाठी किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती प्रलंबित आहेत, मंजूर झाल्यापासून पैसे हातात पडायला सरासरी किती दिवस लागले, तरतुदीतली किती रक्कम खर्च झाली. 'का' विचारू नका, 'किती' विचारा. 'का'ला टोलवता येतं.

बैठक

मंत्री असो की अधिकारी, वीस मिनिटं धरून चला. पहिली तीन मिनिटं मुलाची गोष्ट, एका फोटोसह. पुढची तीन मिनिटं अडलेली जागा, वहीतल्या दोन तारखांसह. मग मागणीचं वाक्य. उरलेला सगळा वेळ त्यांना बोलू द्या. उठण्याआधी विचारा: 'यातली पुढची पायरी कुणाकडे आहे, आणि आम्ही कोणत्या तारखेला विचारू?' त्याच संध्याकाळी त्यांना लिहून पाठवा. पत्र मोठं नको:

'महोदय, आज आपण वेळ दिलात त्याबद्दल आभार. वाचलेल्या व्यक्तींना सात दिवसांत संपर्क व्यक्ती मिळावी या आमच्या मागणीबाबत संबंधित विभागाचा अभिप्राय महिनाअखेरपर्यंत मागवण्याचं आपण मान्य केलंत. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला आम्ही आपल्या कार्यालयात विचारणा करू. सोबत मागणीचा एक पानी मसुदा आणि माहिती अधिकारात मिळालेले आकडे जोडले आहेत.'

रडू आलं तर येऊ द्या. पण तुमच्याबरोबर असा एक जण असू द्या जो तेव्हा बोलणं पुढे नेईल. कोण काय बोलणार हे आधी ठरवा. आई बोलते आणि वडील गप्प बसतात, किंवा उलट. दोन्ही चालतं, फक्त ठरलेलं असावं. वाचलेली व्यक्ती बरोबर येणार असेल तर तिला आधी सांगा की कोणत्याही क्षणी उठून बाहेर जाता येईल, आणि तिच्यासोबत जायला एक जण ठेवा.

एकट्यानं करू नका. 1978 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात हलिंजर दांपत्यानं, मुलीच्या खुनानंतर, आपल्यासारख्याच काही पालकांना एकत्र बसवलं. त्यातून खून झालेल्या मुलांच्या पालकांची देशभर पसरलेली संघटना उभी राहिली. पाच कुटुंबं एका मागणीवर सही करतात, तेव्हा 'तुमचं प्रकरण अपवाद आहे' असं म्हणता येत नाही. नोंदणी, खाती, हिशेब हे नंतर करा. पैसे घ्यायची वेळ आली की मात्र पहिल्या दिवसापासून हिशेब दुसऱ्याकडे द्या.

माध्यमं

बातमीदाराला देण्यासाठी तुमच्या पसंतीचे दोनच फोटो काढून ठेवा, नाहीतर ते समाजमाध्यमांवरून हवा तो उचलतील. मुलाखतीआधी विचारा: आरोपीचं नाव, चेहरा दाखवणार का? 2012 मध्ये कोलोरॅडोतल्या ऑरोरा इथल्या चित्रपटगृहात मुलगा गमावलेल्या टॉम आणि कॅरन टीव्ह्ज यांनी माध्यमांकडे हीच मागणी लावून धरली: मारेकऱ्याला प्रसिद्धी देऊ नका, मारल्या गेलेल्यांची नावं घ्या. प्रत्येक वेळी ऐकलं जाईल असं नाही, पण विचारल्याशिवाय तर नक्कीच नाही.

प्रत्येक मुलाखतीत मागणीचं वाक्य एकदा तरी बोला. घटनेचं वर्णन पुन्हापुन्हा मागितलं जाईल. 'ते न्यायालयात आहे, आज मी नंतरच्या दिवसांबद्दल बोलायला आले आहे' हे उत्तर घोकून ठेवा. वाचलेल्यांना बातमी कधी येणार ते आधी कळवा, म्हणजे त्या संध्याकाळी त्यांना टीव्ही बंद ठेवता येईल. प्रतिक्रिया स्वतः वाचू नका. ते काम दुसऱ्या कुणाला तरी द्या.

घरात

नवरा-बायको एकाच मुलासाठी वेगवेगळ्या तऱ्हेनं रडतात. एकाला बैठका हव्या असतात, दुसऱ्याला खोलीचं दार बंद हवं असतं. काम करणाऱ्याला वाटतं समोरचा विसरला, आणि न करणाऱ्याला वाटतं समोरचा पळतोय. दोघांचंही चुकलेलं नसतं. आठवड्यातला एक दिवस ठरवा जेव्हा या कामाचा एकही शब्द घरात निघणार नाही, आणि उरलेल्या मुलांना तो दिवस कोणता हे सांगून ठेवा.

दुःखाला मुदत नसते. पण महिनोन्‌महिने रोजची कामंच जमत नसतील, तर त्याला आता वैद्यकात नाव आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळलेल्या शोकाची नोंद असून त्यासाठी किमान सहा महिन्यांचा काळ धरला आहे. त्यावर उपचार आहेत. जीव द्यावासा वाटत असेल तर सहा महिने थांबायचं नाही, आजच घरातल्या कुणाला तरी आणि डॉक्टरांना सांगायचं. वाचलेल्यांना आधार मागणाऱ्या आईनं स्वतःसाठी तो मागितला तर त्यात कमीपणा नाही. काम काही महिने दुसऱ्या कुटुंबाकडे सोपवून थांबलात तरीही नाही.

मागणी मान्य झाल्यावर

आदेश निघतो, फोटो निघतात, आणि बरेच जण इथे थांबतात. आदेशाची प्रत मिळवा. त्यात किती दिवसांत, कोण आणि कुणाच्या पैशानं हे तीनही आहे का ते पाहा. नसेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचं पत्र द्या. तीन महिन्यांनी पुन्हा माहितीचा अर्ज करा, तेच प्रश्न, त्याच क्रमानं, म्हणजे आकडे शेजारीशेजारी ठेवता येतील.

मदतक्रमांक जाहीर झाला असेल तर रात्री एकदा आणि सुट्टीच्या दिवशी एकदा फोन लावून पाहा. उचलला गेला का, किती वेळानं, पलीकडच्या माणसाला योजना माहीत आहे का, ते वहीत लिहा. फोन थोडक्यात आटपा, कुणाची तरी खरी वेळ अडू नये म्हणून. मग ज्या मुलीनं पहिल्यांदा तुम्हाला अडचण सांगितली होती, तिला कळवा की आता हे मिळतं, आणि विचारा, तिला हवं तसं झालंय का. ती 'नाही' म्हणाली, तर वहीचं नवं पान उघडा आणि वर तारीख घाला.